लाइलचं झाड

शेजारच्या लाइलला माती देऊन आल्यावर वेंडेलने सवयीने आधी घरामागची शेड उघडली. दिव्यांखाली त्याचं आईझाड उभं होतं. तीस वर्षं याच्याच फांद्या लावून त्याने गांजा पिकवला होता. डोंगरावर याच्या तोडीचं झाड नाही, असं तो येईल त्याला ऐकवायचा. आपल्या नाकाचा तर त्याला भारी गर्व.

"लाइल देवमाणूस," पानं चाळत तो बायकोला म्हणाला, "पण त्याचं झाड म्हणजे शेळ्यांचा चारा. ओल्या कुत्र्यासारखा वास."

डोरीनने काळे हातमोजे काढले. "वेंडेल, हे लाइलचंच झाड आहे."

तो हसला. ती हसली नाही.

"तू तुरुंगात होतास त्या हिवाळ्यात जनरेटर बंद पडला. तुझं झाड गारठून मेलं. भेटीला आल्यावर काचेपलीकडून तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते? लाइलने आपल्या झाडाची फांदी आणून दिली आणि गप्प बसला."

वेंडेलने कुंडीचा काठ धरला. म्हणजे सुटून आल्यावर जत्रेतल्या गांजाच्या स्पर्धेत त्याला मिळालेलं पहिलं बक्षीसही याच झाडाचं. तेव्हा परीक्षकांत लाइल होता. नावं झाकलेल्या बरण्या हुंगता हुंगता तो एकीपाशी थांबला, गालात हसला आणि सगळ्यांआधी त्याने तिच्यासाठी हात वर केला.

नंतर वेंडेलनेच चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारली होती. "शीक जरा काहीतरी."

"शिकतोय," लाइल म्हणाला होता.