चाखायचं नाही

भिक्खूंसाठी शिजणाऱ्या भांड्याला तोंड लावायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. चाखायचं तर नाहीच, वाकून वासही घ्यायचा नाही. लहानपणी मी एकदा चमचा बुडवला होता, तर आईने लाकडी पळीने बोटांवर असा फटका दिला की संध्याकाळपर्यंत हात ठणकत होता. तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशीच्या जेवणाची करी माझ्या गळ्यात पडली आणि माझे हातपाय गार पडले, ते काही उगीच नाही. जिने जन्मात धड अंडं उकडलं नाही, तिने न चाखता हिरवी करी करायची! झालं का कल्याण?

बँकॉकात माझं केस कापायचं दुकान आहे. जेवण म्हणजे कोपऱ्यावरच्या बाईकडची पिशवीतली करी, वर गच्च रबरबँड. बाबा तिला 'रबराची करी' म्हणायचे आणि नाक मुरडायचे. ते माडावर चढून रस काढायचे, त्याचा गूळ करायचे. दमून खाली उतरले की त्यांना आईच्या हातची, माशाच्या गोळ्यांची हिरवी करी लागायची. भिक्खूंनी जेवलेलं गेलेल्या माणसाला पोचतं, हे आमच्या कालव्याकाठच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे आज मी घोळ घातला की बाबांच्या पानात घोळ.

पण खरी भीती करीची नव्हती, आईची होती. गेले काही महिने ती विसरत चालली होती. फोनवर तेच तेच विचारायची. मागच्या खेपेला आले तेव्हा तिने पाणी न घालताच भात चढवला होता. भांडं काळं पडलं तरी ही शांतपणे पाटावर बसून होती. मी कोणाला बोलले नाही.

कसं बोलणार? या कालव्यावर देवळात कुठलंही जेवण असो, करीच्या कढईपुढे आमची आई, चम्नियन. तिच्याशिवाय कढई चढत नाही. पैसा नाही, जमीन नाही, तिचं राज्य काय ते एवढंच. आणि हे माझ्या आत्याला कळलं असतं, तर दिवस मावळायच्या आत दोन्ही काठांना कळलं असतं. लमुनआत्या बाबांची थोरली बहीण. लमुन म्हणजे मऊ. नाव ठेवणाऱ्याने पोरीचं तोंड उघडायच्या आत ठेवलं असणार. देवळातल्या बायका आईला काही बोलल्या नसत्या, अगदी गोड हसून तिच्यापुढे सोलायला कांदे ठेवले असते. आई त्याने खचली असती.

म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं, "आई दमलीय. यंदा मी शिकतेय, ती नुसती सांगणार." आणि सकाळपासून तिला चिकटून बसले.

"कुट," आई म्हणाली.

मी धणे-जिरे भाजून कुटले. मग मीठ, गवती चहा, आल्यासारखं कुळिंजन, खडबडीत लिंबाची साल. आई पाठ करून तुळस निवडत होती. बघत नव्हती, ऐकत होती.

"बत्ता दगडावर आपटतेयस. मसाल्यावर मार."

"मारतेय की."

"मला कान आहेत. असा आवाज ऐकून कोणी सून म्हणून नेली नसती तुला."

"म्हणूनच नाही नेली," मी म्हटलं. ती खुदकन हसली. तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडला. आज ठीक आहे ही, मी मनाशी म्हटलं. आजचा दिवस निभावला की झालं.

मिरच्या पडल्या, लसूण पडला, शेवटी कोळंबीचा खारवलेला गोळा. माझे खांदे गळून पडायची वेळ आली तेव्हा कुठे आईने दोन बोटांत मसाला चोळून पाहिला आणि मान हलवली. मग नारळाचं घट्ट दूध कढईत. ते फुटून वर तेल दिसेपर्यंत मसाला घालायचा नाही.

"आता घालू?"

"थांब."

"आई, अकरा वाजता येणार ते. बारानंतर त्यांना घास घेता येत नाही."

"मला शिकवतेस? थांब म्हटलं ना. ऐक, आवाज बदलेल." खरंच, मघाचा बुडबुड आवाज जाऊन चुरचुर सुरू झाली आणि कडेला तेल चमकायला लागलं. मी मसाला टाकला. घरभर वास सुटला, आणि मी वेड्यासारखी तोंड फिरवून उभी राहिले, वास घेतल्याचं पाप नको म्हणून.

माशाचे गोळे पडले, मटारएवढी वांगी पडली, पातळ दूध पडलं. आईने सांगितलं, "गूळ घाल," मी घातला. बाहेर काठावर होड्या लागायला लागल्या होत्या. ओसरीत आत्याचा आवाज आला, "सतरंजी वाकडी! भिक्खू काय तिरके बसणार?"

"गूळ घाल," आई म्हणाली.

माझा हात थांबला. "घातला ना आत्ताच."

"मग दुसऱ्यांदा कशाला विचारतेस?"

मी कुठे विचारलं होतं! मग तिने सांगितलेलं आधीचं सगळं तरी बरोबर होतं का? मीठ कुटतानाच पडलं होतं, आणि माशाचं खारं पाणी? तिने सांगितलं होतं आणि मी घातलं होतं, की फक्त सांगितलं होतं? देवाशपथ, मला आठवेना. तिचं बघून माझंही डोकं फिरलं होतं. एक थेंब जिभेवर ठेवला असता तर कळलं असतं. पण तेच तर करायचं नव्हतं.

मी खाऱ्या पाण्याची बाटली हातात धरून तशीच उभी. घालू की नको? आणि तेवढ्यात आईने शांतपणे चमचा उचलला, कढईत बुडवला, फुंकर मारली आणि तोंडात घातला.

"खारटपणा कमी आहे," ती म्हणाली. "घाल थोडं." आणि चमचा कढईच्या काठावर ठेवून पुन्हा तुळस निवडायला बसली.

जिने अख्ख्या कालव्यावरच्या पोरींच्या बोटांवर पळ्या मारल्या, ती! बाबांची करी! तिला आज कोणाचं जेवण आहे हेच आठवत नव्हतं. मी बाटली वाकडी केली, तिने सांगितलं तेवढं घातलं, आणि चमचा लपवायला हात पुढे केला.

"अगबाई, चमच्याला करी!" पातेलं न्यायला आलेली शेजारीण दारातच थबकली होती. तिच्या पुढ्यात, चौकटीला धरून, आत्या. "कोणी चाखलं?" शेजारणीने विचारलं.

आईने वर पाहिलं. तिचं तोंड उघडणार होतं.

"मी," मी म्हटलं. "मी चाखलं. मला कळेना, म्हणून."

"हिनेच!" आत्या कडाडली. "मी बघितलं ना डोळ्यांनी! बँकॉकात राहून लाज विकली की काय पोरी? सख्ख्या बापाचं ताट उष्टं केलंस!"

काय खोटारडी म्हातारी, मला वाटलं. बघितलं म्हणे! मला टाकून बोलायची संधी मिळाली की हिला साक्षही फुकट सुचते. पण मी मान खाली घातली. आई एव्हाना उठली होती. आजचा दिवस तिला एकदम आठवला असावा, कारण तिचा चेहराच बदलला. तिने पळी घेतली आणि माझ्या बोटांवर सणकन ओढली.

"निर्लज्ज! इतकी वर्षं शिकवलं ते हेच का? भिक्खू काय खातील आता?"

फटका फारसा लागला नाही, तिच्या हातात तेवढा जोर राहिला नव्हता. मला रडू आलं ते त्यामुळेच.

"ही कढई वाढायची नाही," आत्याने निकाल दिला. "मी बाजारातून पिशवी आणलीय. हिचा भरवसा कोणाला होता!"

आणि मग बाबांच्या वर्षाला भिक्खूंपुढे काय गेलं? रबराची करी. मी ओसरीच्या कडेला बसून बघत राहिले. भिक्खू शांतपणे जेवले. त्यांच्या तोंडावरून काही कळत नाही, कळू द्यायचंही नसतं. जेवणं झाली, मंत्र सुरू झाले, आणि मी पुण्य पोचवायचं पाणी तांब्यातून वाटीत सोडायला लागले. बाजूला आईने माझ्या कोपराला हात लावला होता. बाबा, मी मनात म्हटलं, तुमची करी आत कढईत राहिली. रागावू नका. पुढच्या वर्षी तिला ती येत असेल का, मला माहीत नाही. पाणी संपलं तरी मी तांब्या कलताच धरून बसले होते.

भिक्खूंची होडी गेल्यावर बायका जेवायला बसल्या. आता कढई बाहेर आली, आता उष्ट्याचा प्रश्न नव्हता. एकेकीने घास घेतला आणि बोलणं थांबलं. "चम्नियन," शेजारीण म्हणाली, "चाखून का होईना, पोरीच्या हाताला तुझी चव उतरली गं."

मी आईकडे पाहिलं. ती ऐकत नव्हती. तिने एका ताटलीत भात घेतला, वर करी वाढली आणि चमच्याने एकेक वांगं वेचून बाहेर काढायला लागली. बाबा वांगी खात नसत. ताटली भरली तशी ती उठून उभी राहिली आणि बागेच्या दिशेने बघू लागली.

"हे अजून माडावरून उतरले नाहीत?" ती म्हणाली. "हाक मारा कोणीतरी. गार होतंय."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. संपलं, मला वाटलं. एवढं लपवलं, मार खाल्ला, आणि हिने भर पंगतीत स्वतःच सांगून टाकलं. मी उठायला गेले, पण आत्या माझ्याआधी उठली.

"उतरलाय केव्हाच," आत्या म्हणाली. "तो बघ, भिंतीशी बसलाय. ठेव त्याच्यापुढे."

भिंतीशी पाटावर बाबांचा फोटो होता, झेंडूच्या माळेतला. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच गुडघ्यांवर बसली आणि ताटली पुढे सरकवली.

"वांगी काढलीत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. माझाच भाऊ तो, लहानपणापासून थुंकायचा." आत्या बायकांकडे वळली. "बघता काय? गेलेल्याला पान वाढलं, त्यात नवल कसलं? जेवा!"

बायका खाली माना घालून जेवायला लागल्या.

नंतर मी मागच्या धक्क्यावर कढई घासत होते. आत्या येऊन शेजारी बसली आणि राखेने पळ्या घासायला लागली.

"पुढच्या वेळी चमचा तिच्या हाताशी ठेवू नकोस," ती म्हणाली.

"तुम्ही खरंच बघितलं होतं?" मी विचारलं.

"दारातच होते की मी." तिने पळी पाण्यात खळबळली. "आणि तुला काय वाटलं, आम्हाला आज कळलं? देवळातल्या मागच्या जेवणाला तिने दोनदा मीठ घातलं. आम्ही नारळाचं दूध वाढवलं आणि गप्प बसलो."

मला रडू फुटलं. नाक पुसायला हात वर केला, तो राखेने भरलेला.

"रडतेस कशाला? पावसाळ्याच्या सणाला देवळात मोठं जेवण आहे. तिला घेऊन ये. कढईपुढे तीच बसेल, तू शेजारी. कुटायचं तू. मात्र आजच्यासारखं नको, दगड फोडतेस असं वाटत होतं."

ओसरीतून आईची हाक आली. "जिन्तना! खलबत्ता धुतेयस ना? साबण लावू नकोस हं त्याला!"

"नाही लावत, आई!" मी ओरडून सांगितलं.

थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि आत्या आणि मी दोघी एकदमच ओरडलो, "नाही लावत!"