ऊन चढल्यावरचं उड्डाण

सोमेश्वर आणि त्याची बायको राजनंदिनी, दोघंही पॅरामोटर उडवायचे. पाठीवर इंजिन, डोक्यावर कापडी छत्री आणि खाली राजूरजवळचं घरचं मोकळं रान. एक जण वर गेला की दुसऱ्यानं वॉकीटॉकी घेऊन खाली थांबायचं. खालच्यानं ‘नको’ म्हटलं की उडायचं नाही, कारणही विचारायचं नाही, हे त्यांनी शिकतानाच ठरवलं होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सोमेश्वरचा मामेभाऊ आदिनाथ परतूरहून बघायला आला. तो पोचेपर्यंत ऊन चढलं. नांगरलेल्या रानावर हवा थरथरू लागली.

"आज नको," राजनंदिनी म्हणाली.

"मागच्या वेळी बी असंच म्हणली होतीस. मी गेल्तो ना? काय झालं?"

आदिनाथ ऐकत होता. सोमेश्वरनं इंजिन चालू केलं.

तो वर गेला आणि बांधाजवळ पाचोळा गरगरू लागला. "वावटळ उठून राह्यली! डावीकडं या, जल्दी!" ती वॉकीटॉकीत ओरडली. तेवढ्यात छत्रीची एक बाजू मिटली. सोमेश्वर गिरक्या घेत खाली आला. जमीन अगदी जवळ आल्यावर छत्री कशीबशी उघडली आणि तो ढेकळांत आपटला.

राजनंदिनी धावत पोचली. त्याला पट्टे सुटेनात, ते तिनंच सोडले.

"माझ्या हातात काहीच न्हवतं," तो पुटपुटला.

मागून आदिनाथ आला. "दादा, काय गिरकी मारली! मुद्दाम का?"

सोमेश्वरनं अंगावरची माती झटकली. "मंग काय," तो म्हणाला, "बिलकुल मुद्दाम."

घरी जाताना राजनंदिनीनं सांगून टाकलं, "यापुढं मी खाली थांबणार न्हाई." आपल्याशिवाय तो उडणार नाही, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी सोमेश्वर तिला न सांगता आदिनाथला घेऊन निघून गेला. तिला कळलं तेव्हा जालन्यातल्या त्यांच्या अंगणात उन्हानं पाय भाजत होते. तिनं आदिनाथला फोन लावला.

"वैनी, वॉकीटॉकी माझ्याकडंच हाय!"

"वावटळ कशी ओळखायची, सांगितलं का त्यांनी?"

"न्हाई. दादा म्हणले, तसलं काही होत न्हाई."

पुढचं बोलणं इंजिनच्या आवाजात बुडालं.

स्कूटरवरून ती रानात पोचली तेव्हा छत्री उंच आभाळात होती. वॉकीटॉकी खिशात ठेवून आदिनाथ मोबाइलवर शूटिंग करत होता. तिनं त्याच्या खिशातला वॉकीटॉकी हिसकावून घेतला.

"मी आलेय. आत्ताच्या आत्ता खाली या."

वरून खरखरत सोमेश्वरचा आवाज आला. "आलीस? बरं झालं. आता तू हायेस, तर आणखी एक चक्कर मारतो."