त्रिकोणाचे सात

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार झाल्यापासून प्रॉम्प्टरबाईंच्या मेंदूची वर्षातून एकदा मोजणी होई. नऊ चिन्हं, प्रत्येकाला एक आकडा, जोड्या समोरच्या कागदावर वरच छापलेल्या. चिन्ह बघायचं, आकडा बोलायचा, वेळ नव्वद सेकंद. गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस आले होते. यंदा चारने घसरले तर नाटकाच्या विंगेतली खुर्ची सोडायची, असं बाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. नट वाक्य विसरला तर प्रॉम्प्टर असतो. प्रॉम्प्टर विसरला तर पडदाच पाडावा लागतो.

नवरा गणिताचा मास्तर. गेल्या वर्षी शेजारी बसून त्याने सगळ्या जोड्या पाठ केल्या होत्या. आता महिनाभर तो रोज सकाळी चहाबरोबर उजळणी घेत होता.

"त्रिकोण?"

"पाच?"

"सात. अगं, कालच सांगितलं ना."

"काल येत होतं की."

मोजणीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मुलीने बाईंच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि केसांत गारेगार जेली सोडली. "मेंदूचे भाग एकमेकांशी किती बोलतात, ते यात कळतं."

"आमच्या घरात एकच भाग बोलतो," बाई म्हणाल्या आणि मास्तरांकडे बघितलं.

तुलनेला एक निरोगी माणूस हवा होता. मास्तरांनी विचारायच्या आधीच हात वर केला आणि दुसरी टोपी मिळवली.

कागद समोर आला. चिन्हं तीच, पण त्रिकोणाखाली दोन.

"जोड्या आम्ही दरवेळी बदलतो," मुलगी म्हणाली. मास्तरांचा चेहरा फळ्यासारखा कोरा झाला.

बाईंच्या डोक्यात महिनाभराच्या उजळणीतलं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. समोर दिसेल ते त्या वाचत सुटल्या. एक्कावन्न.

मग मास्तर. त्रिकोण आला की सात, मग "नाही, थांबा", मग दोन, तोवर वेळ पुढे. एकोणतीस.

"तुमचा मेंदू ठणठणीत आहे," मुलगी मास्तरांना म्हणाली. "पण घोकून आलेले आम्हाला चालत नाहीत. बाई, हसू नका, मॉनिटरवर रेषा थयथयाट करतायत."

बाईंचा इलाज नव्हता.

बाहेर पडताना मास्तरांचे केस जेलीने शिंगांसारखे उभे होते. ते म्हणाले, "मग संध्याकाळी तुझा तो... हा..."

"प्रयोग," बाईंनी मागून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात पुरवलं.