मी बोटभर बुटकी गाडी

मी एक वापरलेली गाडी बोलतेय. "सेकंडहँड" म्हणालात तरी रागावणार नाही, आहे ते आहे. रंग गडद निळा, वय सात वर्षं, आणि कंपनीतून निघतानाच माझ्या अंगावर एक जास्तीचा दागिना चढलेला. त्याला म्हणतात परफॉर्मन्स पॅकेज.

म्हणजे काय, ते तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. गप्प बसणं मला जमतच नाही. माझे ब्रेक मोठे, टायर रुंद, स्प्रिंगा कडक. सीट अशी, की माणसाला दोन्ही कुशींनी धरून ठेवते. स्टिअरिंगजवळ एक बटण आहे, ते दाबलं की माझा आवाज घोगरा होतो आणि चाकं शिवशिवायला लागतात. आणि या सगळ्या थाटापायी मी माझ्या साध्या बहिणींपेक्षा बोटभर बुटकी आहे.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. पॅकेज मोठ्या हौसेनं मागवलं. पण घर ते दवाखाना दहा मिनिटांचा रस्ता, त्यात चार सिग्नल! पाहुणे आले की म्हणायचे, "आता बघा हं, बटण दाबतो." दाबायचे, आणि समोर लाल दिवा. मीच ओशाळायची. पुढे त्यांना जुळं झालं. बाळांच्या खुर्च्या माझ्या मागच्या सीटवर बसवताना डॉक्टरीणबाईंची कंबर धरायची. एक दिवस उंच, ऐसपैस गाडी आली आणि माझी रवानगी तळघरात, खोळीखाली. दीड वर्ष! बॅटरी मेली त्याचं एवढं नाही वाटलं, पण घरात काय चाललंय ते कळेना, याचा फार त्रास झाला.

मग मी जुन्या गाड्यांच्या दुकानात आले. शेजारी माझ्याच जातीची, माझ्याच वयाची पांढरी गाडी उभी होती. फक्त पॅकेज नसलेली. गिऱ्हाईक यायचं, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारायचं, आणि न्यायचं दुसरीच कुठली. "हिचे टायर महाग. वर पाठ दुखेल ती वेगळीच," असं जाता जाता बोलायचं. खोटं नव्हतं ते. पण तोंडावर कशाला बोलावं?

एका सकाळी एक जोडपं आलं. दोन मिनिटांत मी सगळी माहिती काढली. बाई एकतीस वर्षं अँब्युलन्स चालवून महिन्यापूर्वीच निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान शिंपी. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात टेप.

बाई माझ्यात बसल्या, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि एकदम वीस वर्षांनी लहान दिसायला लागल्या.

"अहो, हीच."

"अगं, नीट बघ तरी. घेऊन घेऊन घ्यायची, तर ही शर्यतीची घोडी?"

"एकतीस वर्षं दुसऱ्याच्या घाईनं गाडी चालवली. आता एकदा माझ्या हौसेनं चालवू दे."

आम्ही चक्कर मारून आलो. वळणावर मी रस्त्याला चिकटून राहिले. एक कुत्रं आडवं आलं, तर जागच्या जागी थांबले. शिंपीबुवा कुत्र्याकडे बघत म्हणाले, "ब्रेक मात्र मानले." मला वाटलं, झालं, जमलं!

कसलं जमतंय. त्यांनी पिशवीतून एक लांबलचक पुठ्ठा काढला. त्यांच्या इमारतीच्या फाटकात एक चढ आहे, मध्ये उंटासारखा. मेव्हण्यांच्या गाडीचं पोट तिथंच खरवडलेलं. म्हणून या गृहस्थांनी त्या उंचवट्याचं माप घेऊन, कपड्याचा कापतात तसा पुठ्ठ्याचा नमुना कापून आणला होता! दुकानदार बघतच राहिला. पुठ्ठा पांढरीच्या पोटाखालून सुळकन गेला. माझ्या पोटाला मात्र अडकला.

"बघ. रोज घासणार ही."

बाईंनी पांढरीची किल्ली मागितली. पांढरी चालवून आल्या. "चांगली आहे," म्हणाल्या. पाहुण्यांकडचा गार चहा चांगला म्हणावा तशा आवाजात. "घेऊ हीच." म्हणजे पांढरी! मी पुन्हा आहे तिथंच.

शिंपीबुवांनाही तो आवाज टोचला असावा. ते पुठ्ठा गुंडाळेनात, नुसते हातात धरून उभे. बाईंची नजर त्यावर गेली.

"अहो, ही आत पेन्सिलीची रेघ कसली?"

"ते खरं माप. बाहेर बोटभर माया सोडलीय."

"माया कशाला?"

"कशाला म्हणजे? शिलाईला!"

"पुठ्ठ्याला शिवणार आहे कोण?"

शिंपीबुवांनी कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षांचा हात, डोक्याला न विचारताच कापत गेला होता. दुकानदार हसून हसून माझ्या बॉनेटवर आडवा झाला. त्याच्याच टेबलावरची कात्री घेऊन बुवांनी रेघेवरून पुठ्ठा कापला आणि पुन्हा सरकवला. गेला! काडीपेटी मावेल एवढी जागा राहिली.

तरी त्यांचं मन मानेना. दुकानदाराला घेऊन आम्ही थेट त्यांच्या फाटकाशी गेलो. बुवा भर रस्त्यात पालथे पडले, गाल जमिनीला टेकवून. "ये... ये... हळू... ये!" सगळ्या खिडक्यांत माणसं जमली. मी श्वास रोखून चढले, उतरले. साधा खर्र आवाजही झाला नाही. बुवा धुळीनं माखलेले उठले आणि ओरडले, "अंगाबरोबर बसलं!" बाईंनी हॉर्न वाजवला, चांगला लांबलचक.

याला आता वर्ष झालं. टायर एकदा बदलले, तेव्हा बुवा दोन दिवस कुरकुरले. कडक सीटसाठी त्यांनी स्वतःच एक गुबगुबीत उशी शिवली. दर रविवारी आम्ही घाटात जातो. बाई बटण दाबतात आणि मी मनसोक्त गाते.

तुम्हाला एवढंच सांगणं: रस्ता चार सिग्नलांचाच असेल, तर खुशाल पांढरी घ्या, पोरगी गुणाची आहे. पण स्टिअरिंग धरल्यावर घरातलं माणूस खुललं, तर त्याचं तोंड बघा आणि मगच काय ते ठरवा.

चला, निघते. दोघं आली. गेल्या रविवारी घाटात बाईंनी जरा वेग कमी केला, तर शेजारून आवाज आला, "का गं? रस्ता मोकळा आहे की. घे ना जरा जोरात!"