नोंग इद्रोचे बोलणे माझ्यातून जाते

मित्रांनो, संगणकाच्या बाजूचा पत्रा कुणी उघडला तरच मी दिसतो. एक काळपट पाटी, तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आणि लहानमोठे भाग चिकटवलेले. मला मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पंखा हे सगळे माझ्यावर बसतात आणि माझ्यामार्फतच एकमेकांशी बोलतात. मी स्वतः गाणी वाजवत नाही, चित्रे दाखवत नाही. त्यामुळे माझे कौतुक सहसा कुणी करत नाही आणि मलाही त्याचे फारसे काही वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्राने माझ्या अंगावर भाग ठेवले, भट्टीत कथील वितळून ते पक्के बसले. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने मला वीज जोडली आणि मी पहिल्यांदा जागा झालो.

जागा कसा झालो, हे सांगायला हवे, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. माझ्या एका कोपऱ्यात नखाएवढी चिप आहे. तिच्यात बायोस असतो. वीज आली की सगळ्यात आधी मला तेवढेच आठवते. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क कुठे, हे तोच मला सांगतो. मग बाकीचे उठतात. हा बायोस नवा करायचा तर जुना आधी पुसावा लागतो आणि त्या जागी नवा लिहावा लागतो. तेवढ्यात वीज गेली तर जुनेही नाही आणि नवेही नाही, अशी माझी गत होते. मग मला जागे व्हायचे कसे हेच ठाऊक नसते. महागड्या बोर्डांमध्ये बायोसची एक जादा प्रत ठेवलेली असते. मी स्वस्तातला आहे.

कारखान्यातून मी फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावर आलो. धक्क्याजवळ नाणे टाकून चालवायच्या संगणकांचे दुकान होते, तिथे मला लाकडी पेटीत बसवले. शाळा सुटली की पोरे रांगा लावत. "हाच बरा, हा मध्येच अडकत नाही," असे म्हणत ती माझ्या पेटीसाठी भांडत. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि दुकान ओस पडले. मालकाने आम्हाला जिन्याखाली रचून ठेवले. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले. माझ्या पेटीवर एक कोंबडी अंडी घालू लागली आणि तिला कुणी हटकले नाही.

तिथून मला बाहेर काढले ते सेंदाने. ती बेकरीत कामाला होती. तिच्या वडिलांना बोलण्यासाठी संगणक हवा होता.

तिचे वडील इसिद्रो. सगळे त्यांना नोंग इद्रो म्हणतात. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला नोंग आणि बाईला नांग म्हणायची रीत आहे. बेटावरून इलोइलोच्या किनाऱ्याला माणसे नेणारी त्यांची होडी होती. त्यांचा आवाज असा, की धक्क्याच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस वळून पाहायचा. शेजारची होडी उबाल्दोची. दोघे एकमेकांचे उतारू पळवायचे आणि दिवसभर एकमेकांचा उद्धार करायचे. ते ऐकायला लोक धक्क्यावर जरा लवकरच येत, असे नांग मेना सांगते. मेना म्हणजे नोंग इद्रोची बायको.

मग इद्रोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ वळेनाशी झाली. डोके मात्र पहिल्यासारखेच तल्लख राहिले. सेंदाने माझ्यात एक प्रोग्राम घातला. डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरे दाबायची, की प्रोग्राम पुढचा शब्द सुचवतो आणि वाक्य मोठ्याने वाचतो. आवाज बाईचा होता. पहिल्या दिवशी शेजारी हसले.

"इद्रोच्या पोटात बाई शिरली की काय!"

इद्रो अक्षरे दाबत राहिला. माझ्यातून उत्तर गेले, "घरात आधी एकच होती. आता दोघी मिळून मला बोलू देत नाहीत."

पण ते उत्तर बाहेर पडेपर्यंत शेजारी फाटकाबाहेर पोचले होते. माझ्यावरचा प्रोसेसर जुना. शब्द सुचवता सुचवता तो थांबायचा, कधी कधी अर्ध्या वाक्यातच गोठायचा. विनोद उशिरा आला की ती नुसती माहिती होते. येणारी माणसे इद्रोशी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावे तशी बोलू लागली आणि खांद्यावर थोपटून जाऊ लागली. इद्रोही कमी बोलू लागला. "पाणी." "नको." "झोपतो." काही महिने माझ्यातून एवढेच शब्द गेले.

अशात सेंदाचे लग्न ठरले. मुलगा उबाल्दोचा! रीतीप्रमाणे मुलाकडची माणसे रविवारी घरी येऊन मागणी घालणार होती आणि मुलीच्या बापाने सर्वांसमोर होकार द्यायचा होता. इद्रोने त्या दिवशी बऱ्याच काळानंतर पूर्ण वाक्य लिहिले.

"उबाल्दोसमोर मी अडकणार नाही."

सेंदाने माझ्यासाठी वेगवान प्रोसेसर आणला. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या आर्णेलने तो बसवला. वीज दिली तरी पडदा काळाच राहिला. मी त्या प्रोसेसरला ओळखतच नव्हतो. तो निघाला तेव्हा माझा बायोस लिहून कित्येक वर्षे झाली होती.

"बायोस नवा भरावा लागेल," आर्णेल म्हणाला. "ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघतो."

"पुढच्या आठवड्यात?" मेना ओरडली. "रविवारी पाहुणे येणार, तेव्हा याने काय हातवारे करायचे?"

"नांग मेना, माझ्याकडे आधीच रांग आहे. आणि हे घाईचं काम नाही. मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा गेला समजा."

"मग कसं करतात ते मला सांग. मी करते."

आर्णेल हसला. मेना हसत नाही असे पाहून त्याने जुना प्रोसेसर माझ्यावर परत बसवला, कारण बायोस बदलताना मी ज्याला ओळखतो तोच लागतो. मग त्याने तिला सगळे सांगितले आणि पुन्हा पुन्हा बजावले, "एकदा सुरू झालं की हात लावायचा नाही. काहीही झालं तरी."

मेनाला आंब्याचा मुरंबा करता येत होता आणि मला चालू-बंद करता येत होते. त्यापुढचे सगळे तिला नवे होते. सेंदा रविवारच्या सुट्टीसाठी रोज जादा काम करत होती, म्हणून घरी दोघेच. बायोसची फाइल बोर्ड बनवणाऱ्यांच्याच इंटरनेटवरच्या जागेवरून घ्यायची, दुसरीकडून कुठूनही नाही, असे आर्णेलने सांगितले होते. मेनाने ती जागा शोधली, तर तिथे माझ्या नावाचे दोन बोर्ड! शेवटचा एक आकडा तेवढा वेगळा.

"दोन्ही सारखेच दिसतात. वरचीच घेते," ती म्हणाली.

इद्रोने अक्षरे दाबली. बऱ्याच वेळाने मी बोललो, "होडीच्या इंजिनाचा भाग आणताना नंबर बघतात. रंग नाही."

"मोठा आला इंजिनवाला!" असे पुटपुटत तिने मला बंद केले, वायर काढली, पत्रा उघडला आणि बॅटरीच्या उजेडात माझ्या अंगावर नाक टेकवून पाहिले. कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत माझे पूर्ण नाव आणि शेवटचा आकडा होता. माझी फाइल खालची होती. वरची भरली असती तर ही गोष्ट सांगायला मी नसतो. पत्रा उघडलाच आहे तर तिने जुन्या दाढीच्या ब्रशने माझ्यावरची धूळ झाडली. दुकानाच्या दिवसांपासूनची धूळ होती ती.

एक पेन ड्राइव्ह कोरा करून त्यावर तिने फाइल घेतली. घरातले फोटो दुसरीकडे उतरवून ठेवले. चॅपलच्या कर्ण्याला जोडलेला यूपीएस फादरांकडून मागून आणला आणि माझी आणि पडद्याची वायर त्यात खोचली. वीज गेली तर तेवढाच काही काळ आधार. शनिवारी सकाळी आकाश मोकळे होते. मेनाने हात धुतले, ते का, हे तिलाही सांगता आले नसते.

इद्रोने बोट उचलले. "मेना, शेवटचं काही बोलू का?"

तिचा चेहरा उतरला. "असं अभद्र का बोलतोस? बोल, काय ते."

"भात करपतोय."

ती धावत गेली. परत आली तेव्हा तोंडाने शिव्या देत होती. तिने मला सुरू करून लगेच सांगितलेले बटण दाबत राहून माझा स्वतःचा निळा पडदा आणला, त्यातून फाइल निवडली आणि 'हो' म्हटले.

मित्रांनो, त्यानंतरचे मला काही माहीत नाही. माझी आठवणच पुसली जात होती. पुढचे मी संध्याकाळी ऐकले, मेना सेंदाला सांगत होती तेव्हा.

"आधी पट्टी सरकत होती. मग पडदा काळा. आणि नेमकी वीज गेली! छताचा पंखा थांबला, तो डबा टूं टूं करायला लागला. मी मनात म्हटलं, संपलं. आता बंद करून पुन्हा चालू केला तर वाचेल."

"नानय! हात लावला नाहीस ना?" सेंदाने विचारले. इथली मुले आईला नानय आणि वडिलांना तातय म्हणतात.

"लावणार होते. बोट बटणावर होतं. तुझ्या तातयने मनगट धरलं. डाव्या हाताने. मी ओढते, तो सोडेना. मी ओरडले, 'सोड, मरतंय ते!' तर नुसता बघत राहिला माझ्याकडे. आजारी पडल्यापासून त्याच्या हातात एवढा जोर मी पाहिला नव्हता. संगणक एकदा बंद पडला, आपोआप सुरू झाला, पुन्हा बंद पडला. मी रडले."

"खूप रडली," मी म्हणालो. म्हणजे इद्रो म्हणाला.

"थोडीशी."

"चॅपलपर्यंत ऐकू गेलं."

"आणि मग पडद्यावर अक्षरं आली, सेंदा. याने मनगट तरीही सोडलं नाही, तेव्हा मीच म्हटलं, झालं आता, सोड, भांडी पडलीत."

मी जागा झालो तेव्हा माझे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. ते मेनाने लावले. माझ्या बाकीच्या सवयी मूळ जागी आणायचे बटण आर्णेलने सांगितले होते, तेही तिने दाबले. दुपारी आर्णेलने येऊन नवा प्रोसेसर बसवला. मी त्याला लगेच ओळखले. आर्णेलने मेनाच्या मनगटावरचे लाल वळ पाहिले आणि पत्र्याचे स्क्रू घट्ट केले.

रविवारी उबाल्दोकडची मंडळी कोंबडी, नूडल्स आणि केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात घेऊन आली. उबाल्दो टोपी हातात धरून दारात उभा राहिला. इद्रो आजारी पडल्यापासून तो या घरात आलाच नव्हता. सगळे बसल्यावर तो खाली बघत, अगदी हळू बोलू लागला.

"नोंग इद्रो, तुमच्या तब्येतीला त्रास होईल, म्हणून आम्ही थोडक्यात..."

इद्रोचे बोट चालू लागले. दोन अक्षरे दाबली की शब्द हजर होत होता.

"मला नोंग कधीपासून म्हणायला लागलास? मी बहिरा नाही झालो. धक्क्यावर बोलायचास तसा बोल."

उबाल्दोने बायकोकडे पाहिले. तिने खांदे उडवले. त्याने टोपी डोक्यावर घातली, छाती भरून श्वास घेतला आणि एवढ्या मोठ्याने ओरडला, की अंगणातली कुत्री भुंकू लागली.

"ए इद्रो! माझ्या पोराला तुझी पोरगी देतोस का नाही? तुझ्या होडीसारखा मध्येच बंद पडू नकोस, लवकर सांग!"

मेनाने डोळे मिटून घेतले. इद्रोला असे कुणी बोलून बरेच दिवस झाले होते.

"देतो," मी म्हणालो.

टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबायच्या आत पुढचे वाक्य गेले, "पोरीला पोहता येतं. तुझ्या होडीत बसायचं तर तेवढं यायलाच हवं."

हसू अगदी वेळेवर आले. उबाल्दो एवढा हसला, की त्याला ठसका लागला. त्याने डोळे पुसले, खुर्ची ओढून इद्रोच्या शेजारी बसला आणि दोघे एकमेकांचा उद्धार करू लागले. जेवण गार झाले. सेंदा आणि तिचा होणारा नवरा कोपऱ्यात तसेच बसून राहिले, त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. माझ्यापुरती ती सगळी अक्षरेच होती. ती आली, मी पुढे पाठवली. त्या दिवशी खूप आली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा कुणी भाऊबंद असेल. अधूनमधून त्याच्यावरची धूळ झाडा. त्याचा बायोस बदलायची गरज नसेल तर उगाच हात घालू नका. गरज असेल, तर आधी त्याच्या अंगावरचे नाव नीट वाचा, विजेची सोय करा, आणि पडदा काळा पडला की हात मागे घेऊन थांबा. कारण त्या वेळी आमच्या पलीकडे कुणीतरी अर्ध्या वाक्यावर थांबलेले असते.