बादलीच्या परीक्षेला न बसलेला जोड

मी सँडलचा एक जुना जोड आहे. खरे तर आता मला जोड म्हणणेही जरा जास्तच होईल, कारण माझे तळ नदीत राहिले आणि उरले ते टाचेमागचे दोन पट्टे. एक पट्टा घड्याळदुरुस्तीच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे आणि दुसरा दूरच्या एका शहरात आहे. तरीही बोलताना मी 'मी' असेच म्हणतो. डाव्या-उजव्याने आयुष्यभर बरोबर चालायचे, त्यांची मते वेगळी असून कसे भागेल? तर मित्रांनो, नदीवर जाताना अंगात काय घालावे आणि पायात काय घालावे, हे मला चांगले कळते. ही बढाई समजू नका. मी ते सोसून शिकलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड मऊ तळ, बोटांवरून एक पट्टा, पावलावरून एक आणि टाचेमागून घोट्याला वेढा घेणारा, बक्कल असलेला एक रुंद पट्टा. देखणा मी कधीच नव्हतो. दुकानात मला सर्वांत खालच्या फळीवर जागा मिळाली. वरच्या फळीवरच्या सोनेरी चपला माझ्याकडे बघून नाक मुरडत. गिऱ्हाईक वाके, मला उलटा करून पाही आणि परत ठेवून देई. असा मी आठ महिने धूळ खात पडलो होतो.

मग एके दिवशी ती आली. ती कपडे शिवत असे. कामावरून तशीच उठून आली असावी, कारण गळ्यात मोजपट्टी लोंबत होती. तिने माझा पट्टा कापडासारखा दोन्ही हातांनी ताणून पाहिला, शिवण उलटी करून पाहिली आणि दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागितले. त्याने दिले. तिने ते न पिता सगळे माझ्यावर ओतले.

"अहो बाई, चप्पल आहे ती, कुंडीतलं झाड नाही," दुकानदार म्हणाला.

"पाण्यातच जायचंय याला. मग आधी पाण्यालाच विचारलेलं बरं."

तिने मला ओलाच पायात घातला आणि दुकानात दहा फेऱ्या मारल्या. दुकानदार फडके घेऊन तिच्या मागे फिरत होता. टाच निसटली नाही, पाय घसरला नाही, पट्टा काचला नाही. "हाच द्या," ती म्हणाली. मला इतके मन लावून त्यापूर्वी कोणीच पारखले नव्हते. मी त्याच क्षणी तिचा झालो.

तिचे घर दोन खोल्यांचे होते. खाली नवऱ्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आणि वर संसार. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. रांगत्या वयात ती बटणांच्या डब्यात बसलेली सापडली होती, म्हणून तिला सगळे 'बटण' म्हणत. दर सुट्टीत हे तिघे बसने नदीवर जात. मोठ्या गाड्यांच्या चाकांतल्या रबरी ट्यूब फुगवून त्यांत बसायचे आणि पुलापासून वाळूच्या पट्ट्यापर्यंत प्रवाहाबरोबर दोन तास वाहत जायचे, एवढाच तो खेळ. पण त्याची तयारी मात्र लग्नकार्यासारखी चाले.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी न्हाणीघरात परीक्षा होई. ज्याला जे घालून जायचे असेल त्याने ते बादलीत बुडवायचे, पिळायचे, ओलेच अंगात चढवायचे आणि दहा उठाबशा काढायच्या. "कोरडे कपडे सगळेच गुणी असतात," आई म्हणायची. एका वर्षी बाबांनी हट्टाने आपली जाड जीन्स बुडवली. ती चढवतानाच ते भिंतीला टेकले. तिसऱ्या उठाबशीला ते खाली गेले ते वर येईनात.

"मी उठतोय गं, पँट उठत नाहीये," ते म्हणाले.

आई हसून हसून पालथ्या बादलीवर बसली. जीन्स नापास झाली. बटणचा झालरीचा फ्रॉकही नापास झाला, कारण तो ओला होऊन पायांना चिकटला आणि तिला पाऊलच टाकता येईना. मग आईने मशीन उघडले आणि सर्वांसाठी छत्रीच्या कापडासारख्या हलक्या, झटकन वाळणाऱ्या कापडाच्या गुडघ्याखाली येणाऱ्या विजारी शिवल्या. उथळ पाण्यात बूड दगडांना घासते, म्हणून मागे दुहेरी कापड लावले. कुठे फांदीत अडकू नये म्हणून नाडी नाही, इलॅस्टिक. उन्हात ट्यूबचे रबर तापते आणि दंड सोलून काढते, म्हणून सदऱ्यांना सैल पूर्ण बाह्या. पायात काय असावे याचा नियम एकच होता: टाच बांधलेली हवी.

हा नियम बाबांनी एकदाच मोडला. पाय उकडतात म्हणून ते गुपचूप रबरी स्लिपर घालून बसले. पहिल्याच वळणावर एक स्लिपर त्यांना सोडून पुढे निघून गेली. भाड्याच्या ट्यूब परत घ्यायला रस्त्याने आधीच पुढे आलेले ट्यूबवाले आजोबा वाळूच्या पट्ट्यावर ती हातात घेऊन उभेच होते. "ही मघाशीच येऊन बसलीय," ते म्हणाले, "तुम्हाला उशीर झाला." आई माझ्याकडे बघून हसली. तेव्हा मला किती मिरवल्यासारखे वाटले म्हणून सांगू!

चौथ्या वर्षी माझ्या टाचेच्या पट्ट्यांची शिवण उसवू लागली. तिने दोन्ही पट्टे उकलले आणि गडद लाल दोऱ्याने चार ओळी टाके घालून पुन्हा शिवले. नदीवरून आल्यावर ती मला स्वच्छ पाण्याने धुई आणि सावलीत उलटा टांगून वाळवी. अशी आठ वर्षे गेली. माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ कोणता, असे कोणी विचारले तर मी तीच आठ वर्षे सांगेन.

नवव्या वर्षी ती आजारी पडली आणि सुट्टी लागण्यापूर्वीच गेली.

त्यानंतर बाबांनी मला स्वच्छ धुतले, वाळवले, वर्तमानपत्रात गुंडाळले, वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि खोक्यात घालून कपाटावर ठेवले. वर्षातून एकदा ते खोके उतरवत, झाकण उघडून पाहत आणि परत ठेवत. ते मला जिवापाड जपत होते, यात शंका नाही. पण मित्रांनो, चपलेला चालावे लागते. न चालता, हवेवाचून माझे तळ आतल्या आत भुसभुशीत होऊ लागले. वरून मी होतो तसाच दिसत होतो. आतून मात्र मी खचत चाललो होतो, आणि ते मला कोणाला सांगता येत नव्हते.

अशी सात वर्षे लोटली. बटण वीस वर्षांची झाली. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली आणि निघायला पंधरा दिवस उरले. एका सकाळी ती बाबांना म्हणाली, "जायच्या आधी एकदा नदीवर जाऊया."

"आता कशाला? कपडे कोण बघणार?"

"मी बघते ना. बादली आहे, मी आहे."

बाबा भिंग डोळ्याला लावून घड्याळात डोके घालून बसले. आई गेल्यापासून ते तिच्याविषयी बोलत नसत. विषय निघाला की त्यांना हटकून एखादे घड्याळ उघडायचे असे. बटणने तीन दिवस पिच्छा पुरवला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "आईचे सँडल घालशील तर येतो."

बटणचे पाऊल अगदी आईच्या मापाचे होते. ती आनंदाने नाचली, आणि मला माझे भुसभुशीत तळ आठवले. सगळी सहल माझ्या भरवशावर उभी राहिली होती. मी दगा दिला तर हा माणूस तिथूनच मागे फिरणार, माझे तुकडे पुन्हा खोक्यात भरणार आणि मुलगी बापाशी मोकळेपणी दोन शब्द न बोलताच परगावी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते.

आदल्या दिवशी न्हाणीघरात पुन्हा परीक्षा झाली. आईने शिवलेली बाबांची विजार पास झाली, फक्त इलॅस्टिक बदलावे लागले. त्यांचे नाडीचे कॅनव्हासचे बूट पास झाले. बटणच्या दोन विजारी नापास होऊन तिसरी पास झाली. मग तिने मला उचलले. "यालाही बुडवू ना?"

"त्याला कसली परीक्षा?" बाबा म्हणाले. "तो आईने पास केलेला जोड आहे."

मला ओरडून सांगावेसे वाटले, की मित्रा, बुडव मला, आत्ताच कळू दे. पण त्यांनी मला फक्त फडक्याने पुसले.

नदी तशीच होती. ट्यूबवाले आजोबा वाकले होते, पण ओळख विसरले नव्हते. त्यांनी दोघांच्या अंगात तरंगायची फुगीर जाकिटे चढवली आणि नेहमीसारखे म्हणाले, "पाय दाखवा." मग बटणने पाण्यात पाऊल टाकले. मी सगळा जीव एकवटून धरून राहिलो. दहा पावले टिकलो. अकराव्या पावलाला माझा डावा तळ चहात भिजलेल्या बिस्किटासारखा सुटला आणि त्याचे तुकडे वाहू लागले. बाराव्याला उजवा गेला.

बाबा ते तुकडे जाताना पाहत राहिले. मग काठावर येऊन बसले. "चल," ते म्हणाले, "परत जाऊ."

"बाबा, अहो, चपलेचा तळ गेलाय फक्त."

आजोबांनी मान हलवली. "अनवाणी मी कोणाला सोडत नाही. खाली फुटके शिंपले आहेत." त्यांनी लोक विसरून गेलेल्या बुटांची टोपली पुढे केली. नाडी नसलेला, नुसता पाय सरकवायचा कापडी बुटांचा एक जोड बटणला होण्यासारखा होता, पण तो एक माप मोठा होता. दोन पावलांत टाच बाहेर आली. बटणने माझे राहिलेले पट्टे हातात घेतले.

"हे बुटाखालून घेऊन वरून बांधले तर बूट राहील," ती हळूच म्हणाली. "पण कापून काढावे लागतील."

"नको. दुसरं काहीतरी बघू."

"आईने काय केलं असतं?"

बाबांनी मला मांडीवर घेतले. लाल टाक्यांच्या त्या चार ओळींवरून त्यांचा अंगठा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.

"तिने केव्हाच कापले असते," ते म्हणाले.

खिशात त्यांचा घड्याळाची पाठ उघडायचा छोटा चाकू असे. तो त्यांनी काढला आणि मला कापले. एकही लाल टाका दुखावला नाही, इतके जपून कापले. मला दुखले का? दुखले. पण सात वर्षे खोक्यात पडून दुखत होते, त्याहून कमीच.

त्यांनी गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातांनी मला मुलीच्या बुटांवरून बांधले, बक्कल लावले, आत बोट घालून काचत नाही ना हे पाहिले. मग ते म्हणाले, "आता पाण्यात दहा उठाबशा काढ."

तिने काढल्या. टाच हलली नाही.

"पास," बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपली ट्यूब पाण्यात ढकलली.

त्यानंतरचे दोन तास मी कधी विसरणार नाही. दोन ट्यूब एकमेकींना टेकून चालल्या होत्या आणि बाबा बोलत होते. जीन्सची गोष्ट, स्लिपरची गोष्ट, बटणला माहीत नसलेल्या, तिच्या जन्माआधीच्या कितीतरी गोष्टी. सात वर्षे तुंबलेले सगळे ते बोलत होते. बटण हसत होती आणि मधूनच बाहीने डोळे पुसत होती. मी ओला होतो, उन्हात होतो, दोन्ही पायांवर घट्ट बांधलेला होतो. मला आणखी काय हवे होते?

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटावर असे एखादे खोके असेल तर ते खाली काढा. आतल्या वस्तूला हवा द्या, पाण्याला विचारा, पायात घाला, झिजू द्या. झिजलो तर आम्हाला वाईट वाटत नाही. नुसते ठेवून दिले की वाटते.

बटण आता नोकरीच्या गावी आहे. माझा एक पट्टा तिच्या बॅगेला बांधलेला असतो आणि दुसरा बाबांच्या टेबलावरच्या खिळ्याला. त्यामुळे ती दोघे बोलतात तेव्हा फोनच्या दोन्ही टोकांना मी असतो. काल तिचा फोन आला. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन पुन्हा नदीवर जायचे आहे, म्हणून तिने नवे सँडल घेतले होते.

"पाणी ओतून बघितलंस?" बाबांनी विचारले.

"बघितलं. दुकानदार फडकं घेऊन माझ्या मागे फिरत होता."

"फिरू दे," बाबा म्हणाले, आणि हसत हसत त्यांनी मला खिळ्यावरून काढून हातात घेतले.