काचेखाली काय दिसतं

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. लाकडाची, वल्ह्यांची, आणि पोटात जाड काच बसवलेली. आज मी पाण्यात नाही. झऱ्याच्या काठावर चार दगडांवर मला चढवून ठेवलं आहे. माझ्या पोटाखाली जे पडलं आहे ते पाहून मला रोज किळस येते. ते काय आहे ते सांगेनच. आधी मी कुणाची ते ऐका.

रानाच्या मधोमध एक खोल झरा आहे. खडकाच्या भेगेतून पाणी वर येतं आणि तळाची पांढरी वाळू उकळत्या दुधासारखी नाचते. ती लोकांना दाखवावी म्हणून थोरल्या नावाड्यानं सुताराकडून मला करून घेतलं. थोरल्याची एक रीत होती. झऱ्याच्या मध्यावर आलं की तो वल्ही वर घ्यायचा आणि म्हणायचा, "हात मांडीवर, तोंड बंद. पाणी निवळू द्या."

"काका, झोपलात का काय?" कुणीतरी हमखास विचारायचंच.

थोरला नुसता हसायचा. हळूहळू गाळ खाली बसायचा, वाळूचा नाच दिसायला लागायचा आणि तोच विचारणारा आपला श्वास रोखून धरायचा. मासे यायचे ते त्यांच्या मर्जीनं, पाहुण्यासारखे. लोक उतरताना माझ्या काठावरून हात फिरवायचे. ते माझे सुखाचे दिवस.

मग रस्ता झाला आणि बसगाड्या आल्या. हा देश मोठा, बघण्यासारखं जागोजागी. लोकांना एका दमात सगळं उरकायचं असायचं. बसमधला वाटाड्या शिट्टी फुंकून ओरडायचा, "चला चला! धबधबा झाला, आता झरा, मग लेणी, मग किनाऱ्यावर सूर्यास्त! पाय उचला!" लोक माझ्यात धपाधप उड्या मारायचे. कुणी केळीची साल बुडाखाली सारायचं, कुणी चघळलेला चिकट गोळा माझ्या काठाला चिकटवायचं. एका बाईनं बाळाचं भरलेलं लंगोट नीट घडी करून पाण्यात सोडलं. नीट घडी करून, मित्रांनो! आणि एकजण चक्क माझ्या काचेवर थुंकला आणि चपलेनं पुसून म्हणाला, "अस्पष्ट दिसतंय हो."

थोरल्याचा धाकटा भाऊ हुशार होता. तो म्हणाला, "दादा, लोकांना पाणी निवळायची फुरसत नाही. त्यांना मासे पाहिजेत, तेही लगेच."

"मासे मर्जीनं येतात रे."

"त्यांच्या मर्जीसाठी बस थांबत नाही."

त्यानं युक्ती काढली. काच आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये खालच्या अंगाला एक खाच आहे. रोज सकाळी मला काठावर ओढून, कुशीवर कलंडवून, त्या खाचेत घट्ट मळलेलं पीठ बोटानं भरायचं. होडी पाण्यात गेली की मासे पीठ खायला काचेला येऊन भिडतात. पीठ मळायचं काम वहिनीकडे, म्हणजे थोरल्याच्या बायकोकडे आलं. तिच्या हातचं पीठ पाण्यात लवकर सुटायचं नाही. थोरला म्हणाला, "करा काय करायचं ते," आणि तोंड फिरवून बसला.

युक्ती चालली. मासे झुंबड करायचे, लोक किंचाळायचे, टाळ्या वाजवायचे. मला नवा रंग मिळाला. पण माझ्या पोटाची दशा मलाच ठाऊक. जुनं पीठ खाचेत कुजायचं आणि त्यावर ताजं पीठ थापलं जायचं. शेवाळाचा बुळबुळीत थर साचला. मासे फुगले, एकमेकांच्या शेपट्या तोडायला लागले. लोक वरून बिस्किटं टाकायचे, मग बिस्किटांचे पुडेही टाकायचे. थोरला सवयीनं अजून वल्ही वर घ्यायचा. पण पाणी हिरवं ते हिरवंच. "निवळत नाही आता," तो पुटपुटायचा. ऐकायला कुणी नसायचं.

मित्रांनो, ह्या घराचं पिण्याचं पाणीही त्याच झऱ्याचं. वहिनीच्या कळशीला वास यायला लागला. तिनं कळशी राखेनं घासली, उन्हात पालथी घातली, शेवटी नवी आणली. नवीलाही तोच वास! "भांडीवालाच चोर," म्हणून तिनं त्याचा उद्धार केला. पाणी नासलं असेल हे तिच्या मनातही आलं नाही. झरा कधी नासतो का?

एके सकाळी धाकटा तापानं फणफणला. पीठ भरायला वहिनी स्वतः आली. मला काठावर ओढणं तिला एकटीला जमेना, म्हणून उथळ पाण्यातच तिनं मला कलंडवलं, खाचेत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटावर काळपट लगदा होता. त्यात बारीक पांढरे किडे वळवळत होते. तिनं बोट नाकाजवळ नेलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "हाच तो वास!" आणि तिथंच ओकली.

हातातला पिठाचा गोळा फेकायला तिनं हात उगारला, समोर पाणी दिसलं आणि हात तसाच खाली घेतला. घरी जाऊन तिनं गोळा धाकट्याच्या उशाशी ठेवला.

"भावोजी, हे खाचेत कुजतंय आणि तेच आपण पितोय. तुमचा ताप ह्यातलाच असेल."

"वहिनी, मग पोट कशावर भरायचं?"

"पिठाआधीही ह्याच पाण्यावर भरत होतं की! पीठ मी मळलंय माझ्या हातांनी. आता ती घाणही मीच काढणार."

तेवढ्यात बस आली. वाटाड्यानं शिट्टी फुंकली. वहिनी धावत काठावर आली आणि माझा दोर ओढू लागली, पण तिला एकटीला मी थोडीच हलणार! तेव्हा इतके दिवस तोंड फिरवून बसलेला थोरला उठला, त्यानं दोराला हात घातला आणि दोघांनी मला काठावर चढवलं.

"झरा बंद," थोरला म्हणाला.

"किती दिवस?" वाटाड्या तणतणला. "माझे लोक काय झाडं बघणार?"

"किती दिवस ते पाणी सांगेल."

धाकटा रुसला आणि बरा झाल्यावर त्याच बसवर कामाला लागला. इकडे नवराबायको जाळं आणि दाताळं घेऊन झऱ्यात उतरायचे. पुडे, बाटल्या, एकेकटी चप्पल, लंगोटं. वहिनीनं ते सगळं आणून कुठं ठेवलं असेल? माझ्या पोटाखाली. बरोबर काचेच्या खाली, नीट मांडून.

परवा धाकट्याचीच बस आली. सगळ्यांत आधी तोच उतरला. लोकांना रांगेत उभं करून म्हणाला, "आधी होडीत वाकून बघा, मग झरा." वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली.

एक गृहस्थ वाकले. "शी! हे काय दाखवता? मासे कुठायत?"

"मासे पाण्यात आहेत, साहेब," वहिनी म्हणाली. "हे तुमच्या लोकांचं आहे."

गृहस्थांनी नाक मुरडलं आणि हातातली रिकामी बाटली माझ्यात टाकली. वहिनीनं बाटली उचलली, खाली वाकून काचेखाली अगदी मधोमध उभी केली आणि म्हणाली, "आता बघा बरं. काही ओळखीचं दिसतं का?"

रांगेतलं कुणीही हसलं नाही. गृहस्थांचे कान लाल झाले. ते गुडघ्यावर बसले, माझ्या पोटाखाली हात घालून त्यांनी बाटली काढली आणि काखेत धरून बसपर्यंत नेली.

मित्रांनो, मला पुन्हा पाण्यात जायचं आहे. वाळू अजून दिसत नाही, पण कळशीचा वास गेला आहे. या, जरूर या. मोठ्या हौसेनं या. फक्त काठावर बसून हात मांडीवर ठेवा, बरोबर आणलेलं बरोबर न्या आणि पाणी निवळू द्या. नाहीतर तुमची वस्तूही माझ्या पोटाखाली येईल, आणि वहिनी ती मधोमध मांडेल.